चौदा मोलकरणी आणि एक गाऱ्हाणं

विशाखा तेंडोलकरनं कुवेतच्या मराठी रंगभूमीवर एकूण चौदा मोलकरणी केल्या. सखू, गंगू, शेवंता, यमुना, पुन्हा सखू. हा आकडा माझ्याकडून चुकायचा नाही, कारण चौदाही वेळा विंगेत संहिता घेऊन मी बसले होते आणि चौदातल्या एकीलाही माझी गरज पडली नाही. बाकीच्यांना पडायची. नायकाची कामं करणाऱ्या आमच्या एका गृहस्थांना मी इतकी वाक्यं पुरवली आहेत की त्यांना मिळालेल्या टाळ्यांत निम्मा वाटा माझा निघेल.

मी सुनेत्रा. माझा नवरा अरुण इथल्या एका बँकेत आहे. आम्ही २००३ साली पुण्याहून आलो, तेव्हापासून सालमियात राहतो. अरुण आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. दर दोन वर्षांनी निवडणूक होते आणि दर दोन वर्षांनी दुसरं कुणी उभं राहत नाही. मंडळाचं नाटक वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, हवा माणसासारखी असते तेव्हा. एका शाळेचं सभागृह मिळतं, साडेचारशे माणूस येतं, आणि नंतर आठवडाभर नाटकापेक्षा मध्यंतरातल्या बटाटेवड्यांची चर्चा जास्त होते.

मोलकरीण विशाखाच का, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. मीही नाही. उत्तर सगळ्यांना ऐकू येत होतं. तिची मराठी मालवणी वळणाची. तिनं नुसतं "बाईसाहेब, चाय ठेवू?" म्हटलं की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हशा. डॉक्टरीणबाईंचं काम तिला द्यावं, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. डॉक्टरीणबाई कशा बोलतात हे आम्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं; त्या आमच्यासारख्या बोलतात.

आणि ही सखू-गंगू रोज सकाळी सात वाजता एका भारतीय शाळेत संगीत आणि नाटक शिकवायला जायची. आमच्या सगळ्यांत रंगभूमीचं शिक्षण असलेली ती एकटी. मुंबईत तीन वर्षं काढून तिनं संगीत-नाटकाची पदवी घेतली होती, हार्मोनियम ती डोळे मिटून वाजवायची, आणि इथल्या इंग्रजी नाटकवाल्यांच्या ग्रुपमध्येही तिची ये-जा होती. तो ग्रुप ब्रिटिश, अमेरिकन, फिलिपिनो अशा सगळ्या जातीच्या हौशी लोकांचा. तिथे ती अस्खलित इंग्रजीत ऑडिशन द्यायची आणि तिला मिळायची भारतीय मावशी, हात बघून भविष्य सांगणारी बाई, आणि एकदा तर मेक्सिकन मोलकरीण.

"ती तुमच्या यादीत धरू नका हं सुनेत्राताई," ती मला म्हणाली होती. "ती परदेशी पोस्टिंगवर होती."

चिडायची नाही ती. चिडत असेल तर दाखवायची नाही. मी एकदा विचारलंच, तुला नायिकेचं काम करावंसं वाटत नाही का? तर म्हणाली, "नायिका तीन अंक सोफ्यावर अडकलेली असते. मोलकरीण निदान चालते-फिरते." मी हसले आणि विषय संपला. मी स्वतःला मोठी चौकस समजते, पण ज्या उत्तरात आपली सोय असते ते उत्तर मी कधी उकरत बसत नाही.

विशाखाचा जन्म अहमदीचा. तिचे वडील दत्तप्रसाद वेंगुर्ल्याकडचे. सत्तरच्या दशकात तेल कंपनीत इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून आले आणि कंपनीच्या वसाहतीत त्यांना छोटं बैठं घर मिळालं. अहमदी म्हणजे तेव्हा इथली सगळ्यात हिरवी जागा. रस्त्याला झाडं, घरापुढे बाग. आई-वडील घरात मालवणी बोलायचे, शाळेत इंग्रजी, खेळताना हिंदी, बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, पाव आणायला गेलं की अरबी. पोरीला कुठली भाषा आपली, असा प्रश्नच कधी पडला नाही. ज्याच्याकडे काम, त्याची भाषा.

अकराव्या वर्षी इराकचं सैन्य आलं. ऑगस्ट नव्वद. बसनं बगदाद, तिथून अम्मान, अम्मानहून विमानानं मुंबई आणि मुंबईहून एसटीनं वेंगुर्ला, असा तो प्रवास तिनं मला एकदा संगीताच्या वर्गात पेटीचा भाता दुरुस्त करता करता सांगितला, रेसिपी सांगावी इतक्या सरळ आवाजात. गावात ती पावणेदोन वर्षं राहिली. शाळेत तिचं नाव पडलं कुवेतीण. देवळातल्या भजनीबुवांनी तिला पेटी शिकवली, दशावतारी नाटकं तिनं जत्रेत पहाटेपर्यंत जागून बघितली, आणि युद्ध संपून वडिलांना कंपनीनं परत बोलावलं तेव्हा ती अहमदीला परत आली. तिच्या आयुष्यातलं कोकण एवढंच. पुढे सुट्टीत जाणं व्हायचं, पण सुट्टी म्हणजे पाहुणचार.

त्यामुळे तिची मालवणी होती वडिलांनी चौऱ्याहत्तर साली बोटीत बसताना बरोबर आणलेली. गावातल्या चुलतबहिणी तिला हसायच्या, "गो, तू आजयेसारखी बोलतस." इथे आम्ही समजायचो, ही गावाकडची. गावात समजायचे, ही जुन्या काळातली. ती बोली अहमदीच्या एका बैठ्या घरातली होती, हे दोन्हीकडच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

शिकवण्यात मात्र तिला तोड नव्हती, हे मी आई म्हणून सांगते. माझी मुलगी स्पृहा लहानपणी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही कुजबुजत. मंडळाच्या शुक्रवारच्या बालनाट्य वर्गाला मी तिला जबरदस्तीनं नेलं. विशाखानं तिला वाक्य दिलंच नाही. पेटीसमोर बसवलं आणि म्हणाली, तुझं नाव सांग, पत्ता सांग, काल काय जेवलीस सांग. स्पृहा सांगत होती आणि विशाखा पेटीवर एकेक पट्टी दाबून बघत होती. मग एका पट्टीवर थांबली. "ही तुझी. काळी दोन. तू आत्तापर्यंत दुसऱ्याच कुणाच्या पट्टीत बोलत होतीस." हजेरीच्या वहीत प्रत्येक पोराच्या नावापुढे तिनं अशी पट्टी लिहून ठेवलेली होती. स्पृहा आज कॉलेजात वादविवादाची बक्षिसं आणते. श्रेय मी घेते.

आता गाऱ्हाण्याकडे येते.

आमच्या नाटकाचा सेट उभारतात खैतान भागात राहणारी माणसं. सुतार, इलेक्ट्रिशियन, एसीचे डक्ट बनवणारे, सगळे सिंधुदुर्गातले, कंपनीच्या करारावर आलेले, खोलीत सहा-सहा जण राहणारे. पोस्टरवर त्यांची नावं बारीक अक्षरात असतात, पण त्यांच्याशिवाय आमचा सोफासुद्धा स्टेजवर चढत नाही. त्यांची एकच अट. पडदा उघडायच्या आधी गाऱ्हाणं. फळीवर नारळ आणि विडा ठेवायचा, सगळ्यांनी डोकी उघडी करून गोल उभं राहायचं, आणि जाणत्या माणसानं देवाला मोठ्यानं सांगायचं की आम्ही अमुक काम करतोय, चुकलंमाकलं पदरात घे, सगळ्यांना सुखरूप ठेव. दर वाक्याला बाकीच्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" हे ते सभागृह रिकामं असतानाच उरकून घ्यायचे. आम्ही पुण्या-मुंबईचे तेव्हा ग्रीनरूममध्ये आरशासमोर असायचो.

वीस वर्षं हे गाऱ्हाणं काशिनाथ परब या प्लंबरनं घातलं. गेल्या वर्षी साठी झाली आणि कंपनीनं त्याला कायमचं घरी पाठवलं. गावी मुलाकडे जाताना म्हणाला, "खलास वैनी, आता झिलाच्या राज्यात ऱ्हवतलंय." छान जेवणबिवण झालं, शाल दिली. गाऱ्हाण्याचं पुढे काय, हे कुणी बोललं नाही.

त्याच हिवाळ्यात विशाखाचंही ठरलं. तिच्या शाळेनं पुढल्या वर्षासाठी संगीत आणि नाटक मिळून एकच जागा ठेवली आणि ती तिला मिळाली नाही. नवरा सुदेश कंत्राटदाराच्या कंपनीत होता, ते काम डिसेंबरात संपलं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जूनपर्यंत. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला जन्मगावातून जून महिन्यात निघायचं होतं आणि भेटेल तो तिचं अभिनंदन करत होता. "वा, घरी चाललीस!" मीही म्हटलं. ती म्हणाली, "हो ना." तिच्याकडे बताका, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, होता, त्यावर राष्ट्रीयत्व लिहिलेलं होतं; त्याच्याशी कोण भांडणार? वेंगुर्ल्याचं घर भावकीत होतं, म्हणून तिच्या मुलीच्या कॉलेजजवळ पनवेलला एक फ्लॅट भाड्यानं बघितला होता. पनवेल तिनं तोपर्यंत फक्त बसच्या खिडकीतून पाहिलं होतं.

निरोपाचं म्हणून मंडळानं त्या वर्षीचं नाटक तिला बसवायला दिलं. घरगुती विनोदी नाटक, मोलकरणीचं काम अर्थातच तिच्याकडेच, कारण दुसरं कोण करणार? पहिल्या बैठकीत अरुण मोठ्या मनानं म्हणाला, "विशाखा, तुझं शेवटचं नाटक. तुला काय हवं ते माग."

"गाऱ्हाणं मी घालीन," ती म्हणाली.

एवढंच? असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर आलं. अरुण तर खूश झाला. "अरे, सुंदर! स्टेजवरच घेऊ. पडद्याच्या पुढे, स्पॉटमध्ये. तू मोलकरणीच्या वेषात, हातात केरसुणी, आणि मागून सगळे व्हय म्हाराजा. लोक लोळतील हसून."

"स्टेजवर नाही, अरुणदादा. पडद्याच्या आत. त्या लोकांबरोबर."

"आत कोण ऐकणार?"

"ज्यांना ऐकायचं ते."

अरुणला ते समजलं नाही. घरी येऊन मला म्हणाला, चांगला आयटम वाया चाललाय. मी त्याला म्हटलं, तू अध्यक्ष आहेस, देव नाहीस. पण खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते हट्टासारखंच वाटलं होतं.

आतल्या माणसांना वेगळीच अडचण होती. काशिनाथच्या मागे त्यांच्यातला वडीलधारा म्हणजे लक्ष्मीकांत, सुतार, सोळा वर्षं इथे. तीन वर्षांपूर्वी एका बांधकामावर दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला होता आणि पायात रॉड घालून पुन्हा उभा राहिलेला. कमी बोलणारा माणूस. तालमीच्या शेवटच्या शुक्रवारी त्यानं विशाखाला सेटच्या मागे गाठलं. मी तिथेच प्रॉपर्टीच्या यादीवर खुणा करत होते.

"बाय, रागाव नको," तो म्हणाला. "बायलमाणसान गाऱ्हाणा घातलला आमी खय बघूक नाय."

"देव बघता की नाय, ता सांग."

लक्ष्मीकांत जरा हसला. "बरा. एकवेळ चलात. पण कोणाची नावा घेतलस? तुझ्या बापाशीच्या गावचे देव घी, सातेरी, रवळनाथ, आमची काय हरकत नाय."

"आणि हयलो?"

"हयलो कोण?"

"ह्या जाग्याचो राखणदार. तू गावात घर बांधलस तेव्हा जागेवाल्याक नारळ दिलस मा? हय सोळा वर्सां घरा बांधतस. हयल्याक कधी दिलस?"

लक्ष्मीकांतचा चेहरा बदलला. मला पुढचं त्यानंच समजावून सांगितलं, कारण माझा चेहरा बघून त्याला माझी कीव आली असावी. प्रत्येक जमिनीला राखणदार असतो. पण नाव-गाव माहीत नसलेल्या राखणदाराला उगाच हाक मारायची नसते. एकदा हाक मारली की तो तुमचा झाला आणि तुम्ही त्याचे. मग दर वर्षी न चुकता त्याला मान द्यावा लागतो. चुकलात तर तो विचारतो. "वैनी, आमी हय चार दिवसांचे पावणे. काशिनाथकाकान म्हणानच वीस वर्सांत त्याका हाक मारूक नाय. गावच्या देवांकच सांगायचो, थयसून आमच्यार नजर ठेवा म्हणान." मग तो विशाखाकडे वळला. "आणि तू तर जूनात जातलस. मगे नारळ कोण देतलो? आमीच मा? त्याचा नाव घेव नको. घेतलस तर आमच्या तोंडातसून व्हय येवचा नाय. आधीच सांगतंय."

आणि उत्तर न मिळणारं गाऱ्हाणं म्हणजे गाऱ्हाणंच नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. एकट्यानं बडबडणं ते. विशाखा हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला तेव्हा वाटलं, समजली. माणूस गप्प बसला की आपण त्याला समजूतदार म्हणतो.

नाटकाच्या संध्याकाळी सगळंच उशिरा झालं. फर्निचर आणणारी गाडी अडकली, दिव्यांचा एक बोर्ड चालेना, आणि गाऱ्हाण्याला माणसं गोळा झाली तेव्हा मी दुसरी घंटा देऊन चुकले होते. सभागृह भरलेलं. पडद्यापलीकडे खुर्च्यांचा, पोरांचा, आयांचा आवाज. पहिल्या रांगेत दूतावासातले कुणी अधिकारी आलेले आणि अरुण त्यांच्याजवळ उभा. तो दोनदा विंगेत येऊन घड्याळ दाखवून गेला. घंटा माझ्या हातात होती, म्हणून मी नेहमीसारखी ग्रीनरूममध्ये जाऊ शकले नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा मी ते जवळून बघत होते.

दिवाणखान्याचा सेट. सोफ्यापुढे फळी, फळीवर नारळ आणि विडा. अकरा माणसं गोल उभी. विशाखा मोलकरणीच्या वेषात, गुडघ्यापर्यंत खोचलेलं हिरवं लुगडं, कपाळाला भलं मोठं कुंकू. तिनं हात जोडले आणि मी त्या तोंडून कधी न ऐकलेला आवाज आला. चौदा मोलकरणींपैकी एकीचाही तो नव्हता. खालच्या पट्टीतला, भरीव, न ताणलेला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज शुक्रवारच्या दिवशी ही तुझी लेकरां नाटक करूक उभी रवली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सातेरी माये, रवळनाथा, गावागावच्या देवांनू, ह्यांच्या घरादाराक, गुराढोरांक, म्हाताऱ्याकोताऱ्यांक सांभाळा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुरुषांचे खांदे सैल झाले. लक्ष्मीकांतनं डोळे मिटले. सगळं रीतसर चाललं होतं. मग ती थांबली, एक श्वास घेतला, आणि म्हणाली,

"आणि ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात, त्याका सांगतंय, म्हाराजा."

व्हय आलं नाही. लक्ष्मीकांतनं डोळे उघडले.

"तुझा नाव माका ठावक नाय. कोणी सांगूक नाय. तू दर्यातलो की वाळयेतलो, माका म्हायत नाय. पण माझो जलम तुझ्या जाग्यार झालो. माझ्या बापाशीन चवतीस वर्सां तुझ्या जमनीतला त्याल मोजला. पयला पाऊल मी तुझ्या अंगार टाकलंय, म्हाराजा."

व्हय नाहीच. पडद्यापलीकडे एक मूल रडत होतं तेवढंच. अकरा माणसं खाली बघत उभी. त्यांनी आधी सांगितलं होतं, आणि ती माणसं बोलल्याप्रमाणे वागत होती. मला तिचं तोंड दिसत होतं. स्टेजवर वाक्य अडकलं की मी पुरवते. माझं कामच ते. पण इथे वाक्य तिचं नाही, त्यांचं अडकलं होतं आणि ते माझ्या वहीत नव्हतं. वाटलं, आता ही थांबेल, नारळ फोडून मोकळी होईल, आणि उरलेलं आयुष्य पनवेलला ही शांतता ऐकत बसेल.

ती थांबली नाही. लक्ष्मीकांतकडे हात करून ती पुढे म्हणाली,

"हो लक्ष्मीकांत. सोळा वर्सां तुझ्या जाग्यार लाकडा कापता. दोन माळ्यांवरसून पडलो, तेव्हा त्याचे गावचे देव समुद्रापलीकडे होते. वाळयेत झेलललो कोणी? तू झेललस. मे महिन्यात त्याच्या चेडवाचा लगीन आसा. त्याका धडधाकट घराक पोचव, म्हाराजा!"

लक्ष्मीकांत हलला नाही. मग त्यानं तो रॉडवाला पाय जरा मागे घेतला, दोन्ही पाय जुळवून उभा राहिला आणि अगदी खालच्या आवाजात, एकटाच, म्हणाला, "व्हय म्हाराजा."

बाकीच्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं कुणाकडे बघितलं नाही.

ती एकेकाचं नाव घेत गेली. कुणाचं घराचं जोतं अर्धं होतं, कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, एकाचं पोर त्यानं अजून पाहिलंच नव्हतं, फोनवरच. मी या माणसांकडून वीस वर्षं खिळे ठोकून घेतले आणि यातलं अक्षर मला माहीत नव्हतं. दर नावाला ती म्हणे, त्याका घराक पोचव, आणि दर नावाला आवाज वाढत गेला. पाचव्या-सहाव्या नावाला सगळे अकरा जण म्हणत होते. अरुण तिसऱ्यांदा विंगेत आला. मी त्याला हातानं थांबवलं, आणि तो थांबला, हेही पहिल्यांदाच.

नावं संपली. विशाखानं जोडलेले हात छातीशी घेतले.

"आणि मी," ती म्हणाली. "माका खय पोचवतलस, म्हाराजा? मी पोचललीच आसंय. जूनात माका जावचा लागतला. कागद संपलो. कागदाचा माझा काय म्हणना नाय. तुझ्याकडे जागो मागनंय नाय, नोकरी मागनंय नाय. मी गेल्यार मागसून कोणी इचारल्यान, ही बाई खयली, तर तू तेवढा सांग. सांग, ही हयली. माझ्याकडची. तेवढा माझ्यासाठी बोल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अकरा माणसांनी ते असं म्हटलं की पडद्याची कड हलली. घरी परत जाण्यासाठी दिवस मोजणारी ती माणसं, आणि मी इथलीच म्हणणाऱ्या बाईसाठी त्यांनी तो मान गळ्यात घेतला, दर वर्षीचा. लक्ष्मीकांत रडत होता आणि त्यानं ते लपवलं नाही.

त्याच क्षणी पडद्यापलीकडून हशा आला. साडेचारशे माणसांचा, मोकळा, खुशीतला हशा. मग टाळ्या. एक शिट्टी. व्हय म्हाराजा ऐकलं आणि त्यांना वाटलं, नाटक सुरू झालं.

लक्ष्मीकांत पडद्याकडे दोन पावलं गेला. मुठी आवळलेल्या. विशाखानं त्याच्या दंडावर हात ठेवला. "ऱ्हवांदे," ती म्हणाली. "त्यांका म्हायत नाय." मग नारळ उचलून त्याच्या हातात दिला.

मला रागाचा उमाळा आला. माझ्या नवऱ्याचा, त्या हशाचा, आणि सगळ्यात जास्त माझा, कारण तो हशा मी घरच्या माणसाच्या खोकल्यासारखा ओळखत होते. दर वेळी विंगेत बसून, तोंडावर संहिता धरून, मीही अगदी तशीच हसले होते.

"सुनेत्राताई, तिसरी घंटा," विशाखा म्हणाली. तिनं पदर खोचला, कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि दाराआड आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मी घंटा दिली. पडदा उघडला, आणि ती आत येऊन एक शब्द बोलायच्या आधीच लोक हसायला लागले होते.